कार्यशाळा झाली, पण एक्स्पोजर कुणीच करत नाही

पत्र

ताई, मी इंदूरमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. ओसीडीसाठीची (म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी पुन्हापुन्हा धुणं-तपासणं हा आजार) सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलणारा मानसोपचार, इतरांना शिकवायचं काम आमच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं. आमच्याच क्लिनिकचे दोन सहकारी आणि बाहेरून येणाऱ्या दोन समुपदेशक, असे चौघं. शनिवार-रविवार कार्यशाळा घेतली. स्लाइड्स, केसची चर्चा, शेवटी छोटी परीक्षा. सगळ्यांना उत्तम मार्क मिळाले. त्याला आता काही महिने झाले. परवा फायली चाळल्या, तर एकानेही पेशंटबरोबर एकसुद्धा एक्स्पोजर केलेलं नाही, म्हणजे ज्याची भीती त्याला पायरीपायरीने सामोरं जायला लावून नंतरचं धुणं-तपासणं थांबवणं. श्वासाचे व्यायाम आहेत, 'सकारात्मक विचार' आहेत, एका फाईलमध्ये तर मनगटाला रबर बँड लावून नको तो विचार आला की ओढायला सांगितलंय. विचारलं तर एक म्हणाली, "पेशंट रडायला लागली, उठून गेली तर?" दुसरा म्हणाला, "त्या काकूंचं सगळं सोवळ्याओवळ्यात गुंतलंय. देवाधर्माला हात कसा लावायचा?" डॉक्टर म्हणतात, कार्यशाळा झाली ना, सर्टिफिकेट देऊन टाका. माझं शिकवणं कुठे कमी पडलं? सर्टिफिकेट देऊ का?

— एक वाचक, इंदूर

उत्तर

तुमच्या चौघांना काय करायचं ते ठाऊक आहे. परीक्षेत मार्क मिळाले, म्हणजे माहिती पोचली, आणि ती तुम्ही नीट पोचवलीत. घोडं अडलंय ते पुढे. खुर्चीत बसून ऐकलेली गोष्ट पेशंटसमोर करायची वेळ आली की पोटात गोळा येतो, आणि माणूस ओळखीच्या गोष्टींकडे वळतो: श्वासाचा व्यायाम, समजूत, दिलासा. पेशंट हसतमुखाने घरी जाते, थेरपिस्टलाही हायसं वाटतं. पुढच्या आठवड्यात दोघंही होती तिथेच असतात.

हे इंदूरपुरतं समजू नका. रिनाड बायडस आणि फिलिप केंडल यांनी २०१० साली थेरपिस्टांच्या प्रशिक्षणावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. कार्यशाळेने माहिती वाढते, पण उपचार करण्याची रीत बदलायची तर नंतरही कुणीतरी सोबत राहून सराव करून घ्यावा लागतो, असा त्याचा रोख आहे. ग्लेन वॉलर यांनी त्याच्या आदल्या वर्षी लिहिलं होतं, की थेरपिस्ट हळूहळू अवघड भागापासून सरकत सरकत सोप्या गप्पांकडे जातात, आणि त्यात त्यांची स्वतःची अस्वस्थता टाळण्याचा मोठा वाटा असतो. टाळलं की बरं वाटतं, बरं वाटलं की पुन्हा टाळलं जातं. हे चक्र तुम्ही पेशंटला फळ्यावर काढून दाखवता. तुमच्या चौघांचंही तेच झालंय. म्हणून माझं सांगणं असं आहे: त्यांना आता आणखी लेक्चर देऊ नका. पेशंटच्या भीतीवर जो उपचार त्यांनी करायचा आहे, तोच आधी त्यांच्या भीतीवर करा.

या उपचाराची सुरुवात कशी झाली तेही त्यांना सांगा, कारण स्लाइडवर नुसतं नाव आणि साल येतं आणि मुख्य गोष्ट निसटते. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या दोन पेशंटांची हकीकत छापली. तोवर ओसीडीला मानसोपचाराने फारसा गुण येत नाही असंच धरून चालत. मेयर यांनी वॉर्डातल्या नर्सेसना हाताशी घेतलं. त्यांतली एक पेशंट ज्या वस्तूंना घाबरत होती त्या तिला हाताळायला लावल्या, आणि नंतर तिने धुवायला जाऊ नये म्हणून नर्सेस दिवसभर तिच्यासोबत राहिल्या. तिच्या खोलीतलं पाणीसुद्धा बंद केलं होतं. आज आपण कुणाचा नळ बंद करत नाही. पेशंटची संमती घेतो, पायऱ्या तिच्याबरोबर ठरवतो. पण शेजारी उभं राहणारं माणूस तेव्हाही उपचाराचा भाग होतं आणि आजही आहे. तुमच्या चौघांच्या शेजारी असं कुणी उभं राहिलेलं नाही.

आधी रबर बँडचं. ते उद्याच बंद करायला सांगा, इथे वाट पाहण्यासारखं काही नाही. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं, की ओसीडी नसलेल्या बहुतेक लोकांच्या मनातही तसेच विचित्र, घाणेरडे, हिंसक विचार येऊन जातात. विचार येणं हा आजार नव्हे. त्याला घाबरून त्याच्याशी झुंजत बसणं हा आजार आहे. मनगटाला चिमटा देऊन विचार हाकलायला लावला, की पेशंट एवढंच शिकते: हा विचार खरंच धोक्याचा होता, म्हणून तर मॅडमनी हाकलायला सांगितला. डॅनियल वेग्नर यांचा १९८७चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग चौघांवर करून बघा. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला की टेबलावर टिचकी मारायची. टिचक्यांचा आवाज ऐकला की आणखी काही समजावून द्यावं लागत नाही. श्वासाचा व्यायामही एक्स्पोजरच्या वेळी नको. पेशंट त्याचा आधार घेते आणि 'श्वास घेतला म्हणून वाचले' असं ठरवून मोकळी होते.

आता पुढची बैठक. स्लाइड्स बंद. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाचं नाव घालून एक वाक्य लिहायला सांगा: 'आज संध्याकाळी अमक्याचा अपघात होवो.' पूर्ण वाक्य, पेनने, वाचता येईल अशा अक्षरात. रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात हा प्रयोग वापरला होता, पण आपल्या घरांत वाढलेल्या माणसासाठी तो जरा जास्तच टोकदार आहे. 'शुभ बोल', 'वास्तू तथास्तु म्हणते', 'तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये' हे आपल्याला दुधाबरोबर मिळालेलं असतं. खोलीत काय होतं ते नीट बघा. एखादी नावाच्या जागी नुसतं आद्याक्षर लिहील. एखादा पेन्सिल मागेल. कुणी हसून 'हे मी नाही करणार' म्हणेल. कुणी लिहून झाल्यावर कागद उलटा करून त्यावर हात ठेवेल. लिहून झालं की नियम सांगा: खोडायचं नाही, फाडायचं नाही, मनातल्या मनात रामरक्षा म्हणायची नाही, घरी फोन करून 'पोचलात ना?' विचारायचं नाही. कागद पाकिटात ठेवून घरी न्यायचा, दुसऱ्या दिवशी परत आणायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलू द्या. रात्री नवरा वीस मिनिटं उशिरा आला तेव्हा काय झालं, कागद ड्रॉवरमध्ये टाकावासा का वाटला, 'हे सगळं खोटं आहे हे कळत होतं तरी' या वाक्यापुढे नेमकं काय होतं. एखादीने लिहायला साफ नकार दिला तरी तिला लाजवू नका. 'कळतंय पण वळत नाही' याचा अनुभव तिला त्या नकारातच आलेला असतो. त्यानंतर ती पेशंटला 'अहो, तुम्हाला कळतंय ना की हे विनाकारण आहे?' असं विचारणार नाही, याची मला खात्री आहे.

त्याच बैठकीत चपलेचंही करा. चपलेच्या तळाला अख्खा पंजा टेकवायचा, बोटांची टोकं नव्हेत. मग तोच हात केसांना, गालाला, ओढणीला, मोबाईलला, आणि त्याच हाताने शेव खायची. सगळ्यात आधी तुम्ही खायची. जे आपण केलेलं नाही ते पेशंटला करायला सांगताना आवाज कापतो, आणि पेशंटला तो कापरा आवाज बरोबर ऐकू जातो.

यानंतरचा टप्पा आपल्याकडे सहसा गाळला जातो. एक पेशंट घ्या, सोपा, म्हणजे गॅसची बटणं तपासणारा किंवा साधं हात धुणं असलेला. पहिलं एक्स्पोजर तुम्ही करा, शिकणारा बाजूला बसून बघेल. पुढचं तो करेल, तुम्ही बाजूला बसा. तिसऱ्यापासून तो एकटा, पण रेकॉर्डिंगसह. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये गेर्ड क्वाले आणि ब्यार्ने हान्सेन यांनी ओसीडीसाठी चार दिवसांची उपचारपद्धत बसवली आहे. गटात जितके पेशंट तितकेच थेरपिस्ट असतात आणि मधले दोन दिवस जवळजवळ पूर्ण एक्स्पोजरमध्ये जातात. तेवढी माणसं तुमच्याकडे नाहीत, पण खांद्याला खांदा लावून शिकणं एका क्लिनिकमध्येही जमतं. तबल्याचे बोल पाठ असणाऱ्याचाही हात गुरूसमोर बसूनच बसतो.

आता दिलाशाबद्दल, कारण चांगल्या मनाची माणसं इथेच फसतात. पेशंटने कचऱ्याच्या डब्याला हात लावलाय, न धुता बसलीय, आणि विचारते, "माझ्या मुलाला काही होणार नाही ना?" तोंडातून आपसूक येतं, "नाही हो ताई, काहीही होणार नाही." यात माया आहे, आणि याच वाक्याने ते एक्स्पोजर संपतं. खात्री मिळाली, भीती उतरली, आणि पेशंट शिकली की खात्री मिळाल्याशिवाय भागत नाही. पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५मध्ये मांडलं, की ओसीडीच्या मुळाशी 'काही वाईट झालं तर ते माझ्यामुळे' ही फुगलेली जबाबदारी असते. तुम्ही 'काही होणार नाही' म्हटलंत की ती जबाबदारी पेशंटच्या डोक्यावरून उचलून तुम्ही आपल्या डोक्यावर घेता. तिला तात्पुरतं हलकं वाटतं, पण जबाबदारीचं माप तेवढंच राहतं.

त्यापेक्षा असं म्हणता येतं: "तुम्हाला माझ्याकडून खात्री हवीशी वाटतेय, दिसतंय मला. आपण ठरवलं होतं की आज खात्री न घेता बसायचं. आत्ता भीती शंभरपैकी किती?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिकवावं लागतं. जोड्या लावा. एकजण पेशंट होऊन नाना तऱ्हांनी खात्री मागेल: "तुम्ही असतात तर धुतला असता का?" "बोलू नका, नुसती मान हलवा." "तुमच्या चेहऱ्यावरून कळलं मला." "धोक्याचं असतं तर तुम्ही करायला लावलंच नसतं, हो ना?" दुसऱ्याने मायेने वागायचं आणि तरी खात्री द्यायची नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत कसबी आहे. त्याने थेरपिस्टची हजेरी हीच हमी होऊन बसते. म्हणून क्लिनिकमध्ये केलेली प्रत्येक गोष्ट पेशंटने त्याच दिवशी घरी, एकटीने, कुणाला न कळवता पुन्हा करायची.

यासोबत साल्कोव्हस्किस यांच्याच परंपरेतली एक मांडणी शिकवा, तिने पेशंटशी भांडण होत नाही. कागदाच्या मधोमध रेघ ओढायची. डावीकडे: 'माझी अडचण ही की माझे हात खरोखर दूषित आहेत.' उजवीकडे: 'माझी अडचण ही की हात दूषित असण्याची मला अतोनात काळजी वाटते.' मग दोन्ही खाली लिहायचं, हे खरं असेल तर काय करायला हवं. डावीकडे धुवत राहणं येतं. उजवीकडे धुणं थांबवून काळजीचं काय होतं ते बघणं येतं. आजवर कुठल्या बाजूने वागून पाहिलं आणि त्याने काय मिळालं, हे पेशंटच सांगते. पुढच्या एक्स्पोजरचं कारण त्यातूनच निघतं, ते तुम्हाला गळी उतरवावं लागत नाही.

"रडायला लागली तर?" रडेल. घाम येईल, हात थरथरतील, 'घरी जाते' म्हणेल. भीतीची ही लाट त्रासदायक असते, पण तिने मेंदूला किंवा काळजाला इजा होत नाही. उठून गेली तर दुसऱ्या दिवशी फोन करायचा, पायरी मोठी झाली हे मान्य करायचं, छोटी पायरी शोधायची. तुमच्या त्या समुपदेशकाला सांगा की सत्राआधी वहीत लिहून ठेव: मला काय होईल असं वाटतं, आणि त्याची खात्री किती टक्के. सत्रानंतर त्याखालीच लिही: झालं काय. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांच्या कामानंतर एक्स्पोजरमध्ये भर याच गोष्टीवर आहे. भीती आकड्यात किती उतरली यापेक्षा, जे होणार असं वाटत होतं ते झालं का, हे महत्त्वाचं. पेशंटसाठी हे जितकं खरं, तितकंच थेरपिस्टसाठीही. अशी काही पानं भरली की तिला तुमच्या धीराची गरज उरणार नाही.

काही वेळा मात्र थांबायचं असतं, आणि तेही शिकवायला हवं. आत्महत्येचे विचार तीव्र असतील तर आधी त्याकडे बघायचं. भ्रम, उन्माद, व्यसन यांची तपासणी डॉक्टरांबरोबर आधीच झालेली हवी. आणि एक प्रसंग मी प्रत्येक प्रशिक्षणात घालायला लावते: नुकतीच बाळंत झालेली मुलगी सांगते, 'बाळाला गॅलरीतून फेकून देईन की काय असं मनात येतं.' नवखा समुपदेशक घाबरून थेट तिच्या सासूला बोलावतो, बाळ काढून घेतलं जातं, आणि ती मुलगी पुन्हा आयुष्यात कुणाला मनातलं सांगत नाही. शांतपणे विचारा. या विचाराने ती हादरलीय का? गॅलरीकडे जायचं टाळतेय का, सुऱ्या लपवतेय का, पुन्हापुन्हा खात्री मागतेय का? असं असेल तर चित्र ओसीडीचं आहे. पण बाळाला संपवणंच योग्य आहे असं तिला वाटत असेल, कुणाचे आवाज ऐकू येत असतील, झोप पूर्ण उडाली असेल, ती जगण्याला कंटाळली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. हा फरक तुमच्या चौघांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे.

आता सोवळं. तुमच्या सहकाऱ्याचा संकोच मला आवडला. श्रद्धेला धक्का लावू नये असं वाटणारा माणूस चांगला थेरपिस्ट होऊ शकतो. पण संकोच म्हणून तो त्या काकूंना एकटं सोडतोय. मेयर यांच्या पहिल्या दोन पेशंटांपैकी एकीचा त्रास देवाविषयीच्या अभद्र विचारांचाच होता. धर्म आणि ओसीडीची गाठ या उपचाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

काकूंच्या घरात घडतं काय ते त्याला बारकाईने विचारायला लावा. सोवळ्याला शेवट असतो. स्नान झालं, मुकटा नेसला, नैवेद्य झाला, की बाई मोकळी. ओसीडीला तो शेवट सापडत नाही. ओल्या केसाचं पाणी उंबऱ्यावर पडलं का, मुकट्याला दाराचा पडदा लागला का, की पुन्हा स्नान. अथर्वशीर्ष म्हणताना एक अक्षर घसरलं असं वाटलं की पहिल्यापासून, आणि तिसऱ्या वेळी 'मघाशी बरोबर म्हटलं होतं का' ही नवी शंका. महालक्ष्म्यांच्या दिवसांत जाऊबाई पुरणाचा घाट घालून दुपारी दोनला पानं वाढतात, तेव्हा काकू अजून मोरीतच असतात. जाऊबाईंची भक्ती काही कमी नसते. म्हणून प्रश्न असा विचारायचा: तुमच्या घरातल्या ज्या बाईचं सोवळं तुम्हाला आदर्श वाटतं, ती किती वेळा स्नान करते? हवं तर घरच्या गुरुजींना एकदाच विचारून नियम लिहून घ्यायचा. एकदाच, कारण दुसऱ्यांदा विचारणं हा खात्री मागण्याचाच प्रकार.

मग एक्स्पोजर त्या नियमाच्या आतच करायचं. एक स्नान, ठरलेल्या वेळात. पडदा लागला तरी पूजा पुढे. अथर्वशीर्षात चूक झाल्यासारखी वाटली तरी शेवटापर्यंत म्हणून उठायचं, आणि 'कदाचित चुकलं असेल' हे वाक्य दिवसभर सोबत बाळगायचं. देवाला पाय लावायला किंवा धर्माने खरोखर निषिद्ध मानलेलं काही खायला सांगायचं कारणच नाही. ते उपचाराला लागत नाही आणि त्याने विश्वास तुटतो. जाऊबाईंसारखी पूजा करता यावी, एवढंच काकूंचं उद्दिष्ट लिहा. बघा त्या किती पटकन तयार होतात. ओसीडीने त्यांची पूजा हिरावून घेतलेली असते, आणि ती परत मिळणार असं आजवर त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हे सगळं क्लिनिकच्या खोलीत होणार नाही, त्यासाठी घरी जावं लागेल. दोघांनी मिळून जा. मोरी, देवघर, गॅसचा ओटा बघितल्याशिवाय पायऱ्या ठरत नाहीत. घरच्यांनाही बसवून घ्या. इंदूरसारख्या ठिकाणी, जिथे बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, टाकी दुपारीच रिकामी झाली की घरात कडाक्याचं भांडण होतं. आणि तरीही तोच नवरा बाहेरून आल्यावर बायकोच्या सांगण्यावरून दारातच कपडे बदलतो, मुलं पाय धुऊन टाचांवर चालत आत येतात, सासू दिवसातून कितीदा तरी 'हो गं, बंद केलाय गॅस' म्हणते. रागही करायचा आणि ओसीडीचं ऐकायचंही, असं दोन्ही चालू असतं. हे एकदम तोडायचं नाही. काय काय थांबवायचं त्याची यादी पेशंटसमोर, तिच्या संमतीने करायची आणि एकेक कमी करायचं. शहराला स्वच्छतेचा अभिमान आहे, २०१७पासून वर्षानुवर्षं देशात पहिला नंबर मिळालाय, त्यामुळे शेजारीपाजारी अशा बाईचं कौतुकही करतात. ते कौतुक आजार लपवतं, हे घरच्यांच्या कानावर घाला. घरी जाणं शक्य नसेल तेव्हा व्हिडिओ कॉल. फोन ओट्यावर उभा ठेवायचा, बाई कामाला लागेल आणि थेरपिस्ट बघेल.

रेकॉर्डिंगबद्दल आग्रहाने सांगते. आठवड्यातून एकदा चौघांना एकत्र बसवा. प्रत्येकाने आपल्या सत्रातली दहा मिनिटं आणायची, आणि ती एक्स्पोजर चालू असतानाची. छान गप्पा झालेला तुकडा कुणीही आणेल, तो नको. पेशंटची लेखी परवानगी, नाव-गाव नाही, ऐकून झालं की पुसून टाकायचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि शिकवण्याच्या नावाखाली तो ढिला होऊ द्यायचा नाही. सगळ्यात पहिलं रेकॉर्डिंग तुमचं लावा. तुम्ही कुठे घाईने दिलासा दिलात ते त्यांना शोधू द्या. त्याशिवाय ते आपली रेकॉर्डिंग मोकळेपणाने आणणार नाहीत.

मोजायला दोन साधनं पुरेत. पेशंटसाठी वाय-बॉक्स, म्हणजे ओसीडी किती तीव्र आहे ते मोजणारी प्रश्नावली: दहा प्रश्न, शून्य ते चाळीस, सोळापासून मध्यम आणि चोविसापासून तीव्र. ते पेशंटच्या घरच्या बोलीत विचारा. इंदूरच्या मराठी घरात निम्मी वाक्यं हिंदीत येतात, येऊ द्या. थेरपिस्टसाठी कॉग्निटिव्ह थेरपी स्केलची सुधारित आवृत्ती: बारा मुद्दे, प्रत्येकी शून्य ते सहा, छत्तीसला पुरेसं कौशल्य धरतात. इंग्लंडने २००८पासून सरकारी सेवेत हजारो थेरपिस्ट तयार केले, ते वर्षभर नियमित सुपरव्हिजनमध्ये आणि रेकॉर्डिंग तपासून. शनिवार-रविवारच्या भरवशावर त्यांनीही हे केलं नाही.

डॉक्टरांशी बोलताना वेळेचा मुद्दा आधी मांडा, कारण खरी अडचण बहुधा तिथे येईल. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या एक्स्पोजरच्या पद्धतीत नियोजनाची दोन सत्रं आणि मग दीड ते दोन तासांची एक्स्पोजरची पंधरा सत्रं असतात. ओपीडीच्या वीस मिनिटांत हे बसत नाही. आठवड्यातल्या दोन दुपारी फक्त ओसीडीसाठी मागून घ्या. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली ओसीडीचं प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ०.८ टक्के निघालं, म्हणजे सव्वाशे माणसांमागे एक. तुमच्या शहरात त्या दुपारी रिकाम्या जाणार नाहीत. औषधांचं डॉक्टर बघतीलच. ओसीडीत डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे थेरपिस्टलाही ठाऊक हवं, नाहीतर तो पेशंटबरोबर मध्येच निराश होतो. एक्स्पोजरआधी झोपेची किंवा शांततेची गोळी घेण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांच्या कानावर घाला, परस्पर बंद करू नका.

सर्टिफिकेट आत्ता देऊ नका. डॉक्टरांना लेखी कळवा की कार्यशाळेला हजर राहिल्याचं पत्र आज मिळेल. उपचार करता येतो असं सर्टिफिकेट मात्र तेव्हाच, जेव्हा त्या व्यक्तीने दोन पेशंटांचा उपचार तुमच्या देखरेखीखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेला असेल, दोघांचे वाय-बॉक्स फायलीत असतील, निदान एक घरभेट झाली असेल आणि रेकॉर्डिंगला छत्तीस मिळाले असतील. दोन हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, तुम्ही तीन करा, पण शून्यावर देऊ नका. ज्या पेशंटला रबर बँड दिला होता तिला मात्र या आठवड्यातच बोलवा, सहकाऱ्याला बरोबर बसवा, आणि पहिलं एक्स्पोजर तुम्ही स्वतः घ्या.